एका मडक्यावर तीन डॉक्टर

रविवार, १२ जानेवारी २०२५.
पहाटे गारठा, मग चांगले ऊन. दूध पातळ, दूधवाल्याला बोलले, त्याने म्हशीवर ढकलले. पळसदरीला अंबाबाईंच्या शेतावर पोपटी. दाबाच्या डॉक्टरीणबाई, साखरेचे डॉक्टर आणि वैद्य, तिघेही आले. अंबाबाईंनी वैद्यांना माझ्या गळ्यात घालून धरणाकडे पिटाळले. माझी डावी चप्पल राजेशच्या टेंपोत राहिली. सविस्तर उद्या. आज हसून बरगड्या दुखत आहेत.

तो उद्या यायला शिमगा जवळ आला. शाळेत आम्हाला रोजनिशीची सवय लावणाऱ्या सिस्टर सांगत, जे घडले ते वहीत लिहा आणि जे वाटले ते देवाला सांगा. हे मी आजवर पाळत आले. पण अंबाबाईंच्या बाबतीत घडलेले आणि वाटलेले वेगळे करणे म्हणजे खिचडीतून डाळ वेचणे आहे. म्हणून हे वेगळे लिहिते.

अंबाबाई भिसेगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. मूळच्या पळसदरीकडच्या. धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचे शेत आहे, थंडीत त्यात वाल असतात. मुलगा राजेश टेंपो चालवतो. सून सुप्रिया शनिवार-रविवारी शेतावर मुंबईच्या पाहुण्यांना पोपटी लावून देते. ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा. कोणी अंडी आणि कोंबडीही घालतात. वरून पुन्हा पाल्याचे बूच मारायचे, मडके उपडे करायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, शेण्या रचून पेटवायचे. आत ना पाणी ना तेल. मडके उघडल्यावर जो वास सुटतो, त्यापुढे माणसाला आपले वय आठवत नाही.

अंबाबाईंची ओळख म्हणजे त्यांचा आवाज. तरुणपणी त्या बांधावरून हाक मारीत तेव्हा धरणापलीकडे गुरे चारणारा त्यांचा नवरा उठून यायचा. कधी कधी दुसऱ्या बायकांचे नवरेही दचकून घरी जायचे. भिसेगावात राहायला आल्यावर त्या भाजीवाल्याशी वरच्या खिडकीतूनच घासाघीस करू लागल्या. भाव उतरला, की मी खाली जाऊन त्याच भावाने मेथी घ्यायची. त्यांच्या आवाजावर मी फुकट जगले असे म्हटले तरी चालेल.

दिवाळीनंतर हा आवाज बसत गेला. आधी खिडकीतून येईनासा झाला, मग भिंतीतून. अंबाबाई वाळल्या. उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी येई, हात कापत. एकदा मोरीत आणि एकदा दारातच पडल्या. नशिबाने हाड मोडले नाही. भाजीवाला मला विचारू लागला, की म्हातारी गावाला गेली का. मी मेथी त्याच्या भावाने घेतली आणि घरी येऊन डोळे पुसले.

औषधपाणी काही कमी होते असे नाही, उलट फार होते. रक्तदाबासाठी कर्जतच्या डॉक्टरीणबाई, मधुमेहासाठी खोपोलीला शिळफाट्याचे डॉक्टर आणि गुडघ्यांसाठी आमच्या गल्लीच्या टोकाचे वैद्य. घरात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. दाबाच्या बाई, साखरेचे डॉक्टर आणि वैद्य, बस. तिघेही भले आणि हुशार. अडचण एकच होती. तिघांपैकी कोणालाही बाकीच्या दोघांचा पत्ता नव्हता.

हा अंबाबाईंचा नेम होता. एका देवाच्या देवळात उभे राहून दुसऱ्या देवाला नवस बोलू नये, तसे एका डॉक्टरसमोर दुसऱ्या डॉक्टरचे नाव काढू नये. त्याला वाटेल, आपल्या हाताला गुण नाही म्हणून ही दुसरीकडे गेली. म्हणून पिशव्यासुद्धा वेगळ्या. दाबाची निळी, साखरेची हिरवी, वैद्यांची कापडी, कारण आयुर्वेदाला प्लास्टिक चालत नाही असे त्यांनीच ठरवले होते. शिळफाट्याला निघाल्या, की रिक्षा वैद्यांच्या दवाखान्यावरून जाऊ देत नसत. जावीच लागली तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढीत. तीन ठिकाणी लग्न ठरवून बसलेली मुलगीसुद्धा एवढी जपून वागली नसती. आणि कोणी विचारलेच, आणखी कुणाचे औषध चालू आहे का, तर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर, तेही हात जोडून:

"नाय बा. तुमच्यावाचून आमाला हाय कोण?"

हे ऐकून कुठल्या डॉक्टरला बरे वाटणार नाही?

मग तिघेही आपापल्या परीने चोख उपचार करीत. तिघेही रक्त तपासून आणायला सांगत. एका आठवड्यात तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा अंबाबाई तपासणीवाल्या मुलीला म्हणाल्या, की माझा हात काय गावची बोअरिंग आहे, येईल त्याने उपसायला? अहवाल मात्र ज्याचा त्याच्या पिशवीत. या पिशवीतला कागद त्या पिशवीत घालणे त्यांना विटाळासारखे वाटे.

आणि पथ्ये! दाबाच्या बाईंनी मीठ कमी करायला सांगितले. साखरेच्या डॉक्टरांनी भात, बटाटा, रताळे, गूळ आवरायला सांगितले. वैद्यांनी वाल, डाळी, वांगे, आंबट बंद केले आणि दिवाळीपासून आठवड्यातून काही वेळा लंघन दिले. सुप्रियाने 'कमी करा'चे बंद केले आणि 'आवरा'चे हद्दपार केले. तिच्या माहेरची समजूत अशी, की जास्त बंद करतो तोच मोठा डॉक्टर. शेवटी ताटात उरला बिनमिठाचा उकडलेला दुधी आणि अर्धी भाकरी. त्या दुधीची चव काय असते हे मी एकदा पाहिले. ओल्या वर्तमानपत्रासारखी असते.

सून शेतावर गेली की सासू डबे उघडते, म्हणून सुप्रियाने एक दिवस मीठ, लोणचे, वाल, शेंगदाणे आणि गूळ माझ्या कपाटात आणून ठेवले. गुळाच्या मागोमाग मुंग्याही राहायला आल्या. अंबाबाई माझ्याकडे बसायला येत तेव्हा त्या कपाटाकडे अशा बघत, जसे कोणी तुरुंगातल्या नातेवाइकाकडे बघावे.

चक्कर काही थांबेना. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरते तपासले आणि आपल्यापुरते सगळे ठीक निघाले. मग राजेशने ठरवले, सोमवारी मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यायचे, भरती करायचे आणि डोक्याचा स्कॅन काढायचा. पोपटीच्या अख्ख्या हंगामाची कमाई त्यासाठी बाजूला ठेवली. पैशाचे दुःख कोणालाच नव्हते. पण अंबाबाईंना मनातून वाटत होते, की मुंबईला डोक्यासाठी गेलेले माणूस परत येत नाही. त्यांच्या ओळखीचे एक गेले होते आणि नव्हते आले. त्यांनी एक अट घातली. जायच्या आधी तिन्ही डॉक्टरांना माझ्या शेतातली पोपटी खाऊ घाला. इतकी वर्षे त्यांनी मला गोळ्या घातल्या, मी त्यांना काय घातले?

त्यांच्या मनात होते, एकाला सकाळी, एकाला दुपारी, एकाला संध्याकाळी बोलवावे. सुप्रियाने सोय बघितली. एक आग, एक मडके, एक वेळ. वैद्यांसाठी अंडी-कोंबडी वगळली आणि तिघांनाही जेवणाच्या वेळेला बोलावले. सासूला सांगायचे मात्र राहून गेले.

त्या दिवशी मीही टेंपोत मागे बसून गेले. शेतावर अंबाबाईंची जुनी मैत्रीण गोदा आधीच आली होती. गोदा डोंगरावरच्या वाडीतली. दर हंगामात भांबुर्डा तीच आणते आणि आगीवर तिच्याइतकी नजर कोणाची नाही. तिने मडके भरले, शेण्या रचल्या, पेटवले. जाळ लागला तशी अंबाबाईंनी पिशवीतून जेवणाआधीची साखरेची गोळी काढून घेतली, कारण पोपटी व्हायला असा कितीसा वेळ लागतो.

पहिल्या आल्या दाबाच्या बाई. आल्या त्या थेट वालाच्या वाफ्यात शिरल्या आणि शेंगा तोडू लागल्या. अंबाबाई खूश. तेवढ्यात बांधापलीकडे वैद्यांची स्कूटर थांबली. अंबाबाईंचा चेहरा असा झाला, की मला वाटले साप निघाला. त्यांनी माझे मनगट धरले.

"बाई, वैद्यांना धरण दाखवा. सावकाश दाखवा."

वैद्य याच गावात जन्मले. त्या धरणात पोहायला शिकले. पण माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या बाईने धरण बघायला चला म्हटल्यावर नाही कसे म्हणणार? आम्ही निघालो. त्यांनी मला धरणाची माहिती सांगितली, मग मी त्यांना तीच माहिती विचारली, मग त्यांनी ती पुन्हा सांगितली.

आमच्या पाठीमागे साखरेच्या डॉक्टरांची गाडी आली. ही हकिगत राजेशने मला नंतर सांगितली. आईने त्याला हुकूम केला, की साहेबांना गोठा दाखव. गोठ्यात गुरे नाहीत. होती त्यालाही जमाना झाला. आता तिथे टेंपोचे जुने टायर आहेत. राजेशने डॉक्टरांना एकेक टायर दाखवला. डॉक्टर बिचारे सभ्य, त्यांनी दोन-तीन प्रश्नही विचारले.

इकडे गोदाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झाले. चर्र झाले, की पोपटी झाली. अंबाबाई म्हणाल्या, उघडू नको. गोदा म्हणाली, करपेल. अंबाबाई म्हणाल्या, करपू दे. एका शेतात तीन डॉक्टर तीन दिशांना, मध्ये मडके, आणि अंबाबाई वाफ्यापासून गोठ्यापर्यंत अशा फेऱ्या घालत होत्या, जशी पिल्ले मोजणारी मांजर. डॉक्टरीणबाई वाफ्यातून उठू लागल्या, की अंबाबाई म्हणत, त्या कडेच्या शेंगा जास्त कोवळ्या आहेत.

पण पोपटीचा वास कोणाचे ऐकतो? गोदाने शेवटी वैतागून काठीने बूच ढिले केले. धरणावर वैद्य मला सांडवा समजावत होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले, नाक वर केले आणि मला मागे टाकून चालू लागले; मी धापा टाकत त्यांच्यामागे. गोठ्यातून साखरेचे डॉक्टर निघाले. वाफ्यातून बाई ओटीत शेंगा घेऊन आल्या. आणि मडक्याभोवती तिघांची गाठ पडली.

कर्जत-खोपोलीचा टापू लहान, तिघे एकमेकांना तोंडओळखीने जाणून होते. वैद्यांनी विचारले, तुम्ही इकडे कुठे? साखरेचे डॉक्टर म्हणाले, माझ्या पेशंटने बोलावले, अंबाबाई माझ्या जुन्या पेशंट. वैद्य हसले. तुमची काहीतरी चूक होते आहे, त्या माझ्याकडे असतात, बिचाऱ्यांना माझ्यावाचून दुसरे कोणी नाही.

डॉक्टरीणबाई ओटीतल्या शेंगा सावरत शांतपणे म्हणाल्या, "हे वाक्य मला पाठ आहे."

तिघांनीही एकदम अंबाबाईंकडे पाहिले. अंबाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला, पण रिक्षात बसायची सोय नव्हती.

सुप्रियाने घाईघाईने पेंढ्यावर पाने मांडली. पहिले पान सासूचे वाढले, बहुधा तिच्याही मनात आले असावे, उद्या काय होईल कोण जाणे. बटाटा, रताळे आणि ओवा लागलेल्या वालाच्या शेंगांची रास. दाबाच्या बाई सवयीने म्हणाल्या, शेंगांना मीठ लागले आहे, जरा कमी. सुप्रियाने निम्म्या शेंगा उचलल्या. साखरेचे डॉक्टर म्हणाले, रताळे आणि बटाटा नको. ते गेले. वैद्य म्हणाले, वाल तर अजिबातच नको, वात वाढेल. उरलेल्या शेंगाही गेल्या. पानावर ओव्याचे चार दाणे राहिले.

गोदा आगीपाशी उकिडवी बसून बघत होती. ती म्हणाली, "आंबे, आता पान तरी खाऊन घे गं. का त्येबी बंद हाय?"

सगळे हसले. मीही हसले. पण हसता हसता माझ्या लक्षात आले, की अंबाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. साऱ्या जन्मात गोदाचा टोमणा त्यांनी परत केल्याशिवाय ठेवला नव्हता. मी वळून पाहिले. पदर खाली आला होता, कपाळावर घाम आला होता आणि पानावरचा हात पानासकट थरथरत होता.

साखरेच्या डॉक्टरांचे हसू जागच्या जागी थांबले. त्यांनी मनगट धरले.

"गोळी कधी घेतली?"

सुप्रिया म्हणाली, "जाळ लावला तेव्हा."

"आणि सकाळपासून खाल्लं काय?"

"काही नाही. आज लंघन ना, पोपटीनंच सोडणार होत्या. वैद्यांनी सांगितलंय."

वैद्य पुढे सरकले. "मी लंघन दिलं, पण ह्या साखरेची गोळी घेतात हे मला कुणी सांगितलं?"

डॉक्टर म्हणाले, ते नंतर बघू, आधी गोड काहीतरी द्या, लगेच. राजेश टेंपोत काही गोड सापडते का बघायला धावला. सुप्रिया माझ्याकडे बघू लागली आणि मी तिच्याकडे, कारण गूळ भिसेगावात माझ्या कपाटात कुलूपबंद होता. रताळे निखाऱ्यासारखे गरम. तेवढ्यात वैद्यांनी खिशातून चपटी बाटली काढली. चाटण द्यायला लागतो म्हणून मध त्यांच्या खिशात असतोच. साखरेच्या डॉक्टरांनी डोके धरले, वैद्यांनी बोटाने मध चाटवला, आणि दाबाच्या बाई गाडीतून यंत्र आणून दुसऱ्या दंडाला पट्टा बांधू लागल्या. ज्या तिघांना वर्षानुवर्षे एकमेकांपासून लपवले, ते तिघे एकाच वेळी तीन बाजूंनी अंबाबाईंना धरून बसले होते. गोदा पदराने वारा घालत होती आणि मडक्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

हळूहळू थरथर थांबली. नजर ठिकाणावर आली. अंबाबाईंनी ओठ चाटले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि वैद्यांवर नजर रोखली.

"मध भेसळीचा हाय."

एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की बांधावरचे बगळे उडाले. दिवाळीपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मला रडू आले ते हसण्यात मिसळून गेले. साखरेचे डॉक्टर पेंढ्यावर मागे कलले. वैद्यही आधी रुसले आणि मग इतके हसले, की त्यांची टोपी मडक्यात पडता पडता वाचली.

मग खरी मजा सुरू झाली. तिघेही मांडी घालून त्या रिकाम्या पानाभोवती बसले, आणि भावाभावांची वाटणी व्हावी तसा सौदा चालू झाला. चक्कर कधी येते? सुप्रियाने आठवून सांगितले, लंघनाच्या दिवशी, जेवण लांबले की. एवढ्यावर तिघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. दाब मोजला तर तोही फार खाली. बाई म्हणाल्या, माझी गोळी आता जास्त होते आहे, मी कमी करते, आणि जेवणात चिमूटभर मीठ असू दे. साखरेच्या डॉक्टरांनी आपली गोळी अर्धी केली, आणि बजावले, की गोळीमागून जेवण आलेच पाहिजे. मग त्यांनी वैद्यांना म्हटले, मी अर्धे रताळे सोडतो, तुम्ही काय सोडता? वैद्यांनी लंघन सोडले. वालावर ते अडून बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मूठभर वालावर आणले. प्रत्येक सवलतीबरोबर सुप्रिया पानावर तो पदार्थ परत ठेवी. अंबाबाईंची नजर त्या पानावर अशी, जशी निवडणुकीच्या मोजणीवर उमेदवाराची. शेवटी मूठभर वाल, अर्धे रताळे आणि कोपऱ्यात चिमूट मीठ, असे ताट तिघांच्या संमतीने मंजूर झाले.

राजेशने मुंबईचे विचारले. दाबाच्या बाई म्हणाल्या, उद्या नको. आता आम्ही तिघे मिळून काही दिवस बघतो. एवढे करूनही चक्कर आली, तर मुंबईला मीच चिठ्ठी देईन. यापुढे रक्त एकदाच काढायचे आणि तो एकच कागद तिघांनी बघायचा. औषधात कोणाला काही बदलायचे असले तर आधी बाकीच्यांना फोन. पिशवी एकच. कोणती, यावर थोडा वाद झाला. कापडी ठरली, कारण ती वैद्यांची होती आणि तिघांत लवकर रुसणारे तेच. राजेश मटकन पेंढ्यावर बसला आणि एकापाठोपाठ एक बटाटे खात सुटला.

अंबाबाईंना एकच चिंता होती. त्यांनी खाता खाता हळूच विचारले, तुमी तिघं माझ्यावर रागावलात का? साखरेचे डॉक्टर म्हणाले, रागावलोय, मला टायर दाखवले म्हणून. आणि त्यांनी मडक्यात हात घातला.

पोपटी थोडी करपली होती. गोदाने हे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. अंबाबाईंनी तिला काय उत्तर दिले ते सिस्टरांच्या शिकवणीमुळे मला लिहिता येत नाही.

तेव्हापासून अंबाबाई पडल्या नाहीत. मुंबईचा स्कॅन झाला नाही, त्याची गरज पडली नाही. हंगामाच्या कमाईतून सुप्रियाने शेतावर पाहुण्यांसाठी शेड घातली. भाजीवाल्याने भाव उतरवला आहे आणि मी पुन्हा त्याच भावाने मेथी घेते आहे.

पोपटीच्या त्या संध्याकाळी मी घरात शिरून दिवा लावत होते, तोच वरच्या खिडकीतून हाक आली, "बाई, तुमची डावी चप्पल टेंपोत हाय गं!" साऱ्या भिसेगावाला माझ्या डाव्या चपलेचा ठावठिकाणा कळला. मी ती आणायला गेले नाही. आवाज पुन्हा एकदा यावा म्हणून तशीच बसून राहिले, आणि तो आला.

रोजनिशीत त्या दिवसाच्या पानावर, तळाशी, आणखी एक ओळ आहे: मीठ, वाल, शेंगदाणे सुप्रिया घेऊन गेली. लोणचे आणि गूळ अजून माझ्याकडेच. गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवली.